सगळं दादाच्या नावावर

रोज संध्याकाळी आठच्या सुमारास माझा फोन एकदा थरथरतो आणि माझा जीव भांड्यात पडतो. स्क्रीनवर दोन-तीनच शब्द असतात. ‘गोळी दिली. अर्धी.’ बस्स. मग मी जेवायला बसतो. बायको म्हणते, तुमची भूक त्या फोनमध्ये आहे. ती चिडवते खरी, पण फोन वाजेपर्यंत तीही ताटं घेत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

गोळी आईची. तिच्या हृदयाची झडप बदलली तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी तिला रोज संध्याकाळी घ्यावी लागते, आणि ती जन्मभर. फार नखरेल गोळी आहे. कमी पडली तर झडपेवर रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूची भीती, जास्त झाली तर नाका-हिरड्यांतून रक्त. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे काही वारी अर्धी द्यायची, काही वारी पूर्ण. ते वारही तपासणीगणिक बदलतात. एका घरात राहणाऱ्या माणसाला हे जमून जातं. आमची आई एका घरात राहत नाही.

आम्ही तिघं भावंडं. थोरला दादा करकंबला शेती बघतो. त्याच्या पाठची आक्का मोहोळला दिली. दाजींचं तिथं बियाणांचं दुकान आहे. मी शेंडेफळ, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छोट्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करतो. वडील गेल्यावर आईनं कुणाला न विचारता स्वतःचा कार्यक्रम ठरवून टाकला. जास्त मुक्काम करकंबला, कारण तिथं तिच्या शेळ्या आहेत. मन झालं की मोहोळ. तपासणी आली की सोलापूर. तिची एक निळी बॅग आहे. कुठल्याही घरी गेली तरी ती बॅग पूर्ण रिकामी करत नाही. साडी बॅगेतून काढायची, धुऊन वाळली की परत बॅगेत. कपाटातला एक कप्पा रिकामा केलाय म्हटलं तर म्हणायची, “कशाला? निघायचंच हाय की.”

ह्या फिरण्यात गोळीचा घोळ होणारच होता. तो मोहोळला झाला. आक्का स्वयंपाक करता करता गोळी द्यायची. दाजी दुकान बंद करून यायचे आणि सासूबाईंची गोळी राहिली असेल म्हणून तेही प्रेमानं एक द्यायचे. आई दोन्ही घ्यायची. जावई देतोय आणि नाही कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं. एके सकाळी दात घासताना तोंडातून रक्त थांबेना, तेव्हा सगळं उघडकीला आलं. आईला सोलापुरात आणलं, निभावलं. डॉक्टरांनी मात्र आम्हा तिघांना समोर उभं करून झापलं. “एक तर यांना एका ठिकाणी ठेवा,” ते म्हणाले, “नाहीतर एका ठिकाणी लिहा.”

दादानं आणि आक्कानं पहिला अर्धा भाग उचलला. आई आता सोलापुरातच राहील, दवाखाना जवळ आहे, विषय संपला. आई खिडकीपाशी बसली होती. रागावली नाही की रडली नाही. हळूच म्हणाली, “मी काय खुंट्याला बांधायची शेळी हाय व्हय रं?”

दादा आणि आक्का आपापल्या गावी गेले. मला मात्र ते वाक्य ऑफिसात बसल्या बसल्याही ऐकू यायला लागलं. आईला सोलापुरात ठेवायला माझी ना नव्हती, उलट मला ते सोयीचंच होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती कशी राहते ते मी बघत होतो. सकाळी उठून दाराची कडी काढायची आणि जाणार कुठं म्हणून पुन्हा लावायची. मी दादाला फोन केला आणि सांगितलं, डॉक्टरांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडे दे. एका ठिकाणी लिहायची व्यवस्था मी करतो. ती चालली तर आई हिंडेल, नाही चालली तर इथं राहील. दादा म्हणाला, “बघ बाबा. पर चुकलं तर पुन्ना न्हाय.”

एका ठिकाणी लिहायचं, पण कुठं? वही करून झाली होती. आई ज्या घरात असेल, वही हमखास दुसऱ्या घरात असायची. व्हॉट्सॲपवर घरचा ग्रुप होता, पण त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं तापतं. डॉक्टरांनी बदललेला गोळीचा वार एकदा त्या ग्रुपवर टाकला होता. तासाभरात त्यावर दाजींचं सुप्रभात, दोन गुलाब, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आणि किडनीसाठी गुणकारी असा एक पाला येऊन बसला. त्या दिवशी मी ग्रुपचा आवाज बंद केला तो कायमचा. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा गोंधळ मी तो ग्रुप वाचत नव्हतो म्हणून माझ्यापासून लपून राहिला.

आमच्या ऑफिसात चार जण एकाच प्रोग्रामवर काम करतो आणि तरी एकमेकांच्या उरावर बसत नाही, याचं श्रेय गिट नावाच्या व्यवस्थेला आहे. तुम्ही काही बदललं की कुणी बदललं, कधी बदललं, आधी काय होतं आणि आता काय आहे, हे सगळं ती ठेवून घेते. जुनं पुसलं जात नाही. हात चुकला तर कालच्या लिखाणावर परत जाता येतं. मला वाटलं, आईच्या गोळीला हेच पाहिजे. विकी म्हणजे घरातल्या कुणालाही फोनवरून उघडून दुरुस्त करता येतील अशी पानं. तशी एक विकी बसवायची आणि तिच्या पोटात गिट ठेवायचं, म्हणजे लिहिणाऱ्याला फक्त पान दिसेल आणि मागचा सगळा इतिहास आपोआप साठत राहील.

बसवायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला. घरात एक जुना लॅपटॉप होता, बिजागरी तुटलेला. तो इन्व्हर्टरशेजारी फळीवर ठेवला, कारण आमच्याकडची वीज तिच्या मर्जीनं येते-जाते. मराठी अक्षरं नीट दिसेनात, ती दिसायला लागली तर जोडाक्षरं फुटायला लागली. मग इंग्रजी बटणं. वहिनीला इंग्रजीची भीती वाटते आणि आक्काला ती वाटत नाही, हे त्याहून धोक्याचं. म्हणून सगळी बटणं मराठीत केली. बदल जतन करताना कारण लिहायची एक चौकट असते. तिच्यावर मी लिहिलं, ‘काय बदललं?’ पानं तीन केली. एकावर आईच्या गोळ्या, एकावर काय खायचं आणि काय बेतानं, एकावर दवाखान्याचे फोन. आईनं शेजारी बसून बघितलं आणि विचारलं, “शेळ्यांचं कुटं हाय?” मग चौथं पान शेळ्यांचं केलं. कुठली गाभण, कुठली लंगडते, कुठलीनं शेजारच्या बोरी खाल्ल्या. आईच्या मते तेच पान कामाचं होतं.

आता कुणालातरी पहिलं खातं द्यायचं. आमच्या घरात कुठलीही गोष्ट सुरू करायची तर पहिला मान दादाचा. नवीन ट्रॅक्टरला हार तोच घालतो, आक्काच्या दुकानाची फीतसुद्धा त्यानंच कापली. मीही रीतसर दादाच्या नावानं पहिलं खातं उघडलं, त्याला नाव आणि पासवर्ड पाठवला, आणि पहिली ओळ तू लिही म्हणून सांगितलं. मग बाकीच्यांचीही खाती उघडली आणि ज्याची त्याला पाठवली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून नोंदी यायला लागल्या. आई तेव्हा करकंबला परत गेली होती. संध्याकाळ झाली की ‘गोळी दिली’, आणि पुढं दादाचं नाव. रोज. एक दिवस खंड नाही. दहावीनंतर वहीला हात न लावलेला माझा भाऊ रोज न चुकता लिहितोय, हे बघून मला इतकं भरून आलं की मी ऑफिसात सगळ्यांना इतिहासाचं पान उघडून दाखवलं. आमच्यातला एक जण स्वतः केलेला बदल कधी धड लिहीत नाही. त्याला मी सुनावलं, माझा शेतकरी भाऊ बघ. ‘काय बदललं?’च्या चौकटीत तेवढं ‘काही नाही’ असायचं, पण म्हटलं, शिकेल हळूहळू.

मग आई मोहोळला गेली. नोंदी आल्या, पुढं दादाचंच नाव. मी मनाशी म्हटलं, हा रोज आक्काला फोन करून विचारतो आणि स्वतः लिहितो. काय जबाबदारी आहे! थोरला तो थोरला. आई माझ्या घरी असतानाही तसंच. बायको कळवत असेल त्याला, असं मी धरून चाललो. हुशार माणसाला एकदा एखादी गोष्ट आवडली की तो तिच्यासाठी कारणं शोधत बसतो, त्यातला प्रकार.

एका रविवारी सकाळी आई आमच्याकडे पोहे खात होती. ती मोहोळहून येऊन आठवडा होऊन गेला होता. दादा रोज लिहितोच आहे म्हणून मी बरेच दिवस पान उघडलं नव्हतं. खाता खाता सहज म्हणाली, “ती गुलाबी गोळी संपली व्हय? लई दिस झालं, दिली न्हाय.”

बायकोच्या हातातला डाव थांबला. “बंद केलीय ना, आई? दादांनी लिहिलंय.”

मी फोन उघडला. आईच्या गोळ्यांच्या पानावर पहिल्याच ओळीत होतं, ‘गोळी बंद.’ खाली दादाचं नाव. झडपेच्या गोळीला बंद कधी नसतं, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी बायकोवर ओरडलो, विचारायचं तरी! ती म्हणाली, “दादांनी बंद केलंय म्हणजे डॉक्टरांशी बोलूनच केलं असणार. त्यांना कसं विचारायचं?” हे ती रडत म्हणाली आणि ते खरंही होतं.

दादाला फोन लावला. मागं पाण्याच्या मोटारीचा आवाज. “मी बंद केली? मी कशाला बंद करू? मला काय कळतंय त्यातलं?”

“तुझ्या नावानं लिहिलंय, दादा.”

“माज्या नावानं सगळेच लिवतेत की. तू पाठवलेला पासवर्ड मी त्याच दिवशी ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी ह्योच वापरा म्हणलं. तू बघितलं न्हाय व्हय?”

घरचा गॅस दादाच्या नावावर आहे. विजेचं मीटर, विहिरीवरची मोटार, केबल, गॅरेजमधलं खातं, सगळं दादाच्या नावावर. आधी ते वडिलांच्या नावावर होतं. थोरल्याच्या नावावर असायचं आणि सगळ्यांनी वापरायचं, ही आमच्या घरची रीतच आहे, आणि तिच्यामुळे आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. मी प्रत्येकाला वेगळं खातं दिलं तेव्हा त्यांना वाटलं असणार, एका घरात पाच मीटर कशाला?

तेवढ्यात फोन वहिनीनं घेतला. “भावजी, करकंबातनं मीच लिवत हुते. ह्यांना कुटं वेळ हाय? आन ते गोळी बंदचं मी पण वाचलं. मी तर लिवलं नव्हतं, मग म्हणलं ह्यांनीच लिवलं असंल. जेवताना विचारलं की चिडतेत, म्हणून न्हाय विचारलं.”

म्हणजे तीन घरांतल्या तीन बायका एकाच नावानं लिहीत होत्या, आणि आपण न लिहिलेली ओळ दिसली की प्रत्येकीला वाटत होतं, ही खऱ्या दादाची. त्याची ओळ कोण खोडणार? आणि खरा दादा ते पान उघडतच नव्हता.

मी इतिहास उघडला. ‘गोळी बंद’ ज्या दिवशी लिहिलं, त्या दिवशी आई मोहोळला होती. ‘काय बदललं?’च्या चौकटीत एकच शब्द होता, ‘दात’. मी आक्काला फोन लावला. दात म्हटल्याबरोबर ती किंचाळली. आईची दाढ काढायची होती. दातांच्या डॉक्टरांनी सोलापूरच्या डॉक्टरांना फोनवर विचारून गोळी काही दिवस थांबवली होती. आक्कानं इमानदारीनं तसं लिहिलं. दाढ निघाली आणि लगेच आई सोलापूरला आली. गोळी पुन्हा सुरू करायची ती सोलापुरातच, तिथं काय, धाकटा आहे, डॉक्टर आहेत, असं तिला वाटलं. कधीपर्यंत बंद, हे लिहायचं राहून गेलं.

रविवार असला तरी रक्त तपासून मिळालं. रिपोर्ट यायला दुपार होणार होती. दवाखान्याच्या बाकड्यावर आई शेजारच्या एका बाईशी बोलत बसली होती. ती बाईही शेळ्यावाली निघाली. आई तिला सांगत होती की व्यालेल्या शेळीला पहिले काही दिवस गार पाणी पाजू नये. मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो आणि आई बोलताना तिचं तोंड वाकडं तर होत नाही ना, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुन्हा पुन्हा तपासत होतो. इतका घाबरलेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांनी आत बोलावलं. स्टेथोस्कोप लावून झडपेचा आवाज बराच वेळ ऐकला. मग म्हणाले, रक्त घट्ट झालंय, पण झडप ठीक आहे. नशीब तुमचं. काही दिवस इंजेक्शन घ्या, गोळी आजपासून सुरू. मी मान डोलावली, बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून रडलो. सरळ सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दादा, वहिनी आणि आक्का आमच्याकडे आले. चहा झाला आणि दादानं विषय काढला. “मी म्हणलो हुतो, चुकलं तर पुन्ना न्हाय. आई आता हितंच ऱ्हाईल.”

आईनं काही वाद घातला नाही. उठली, निळी बॅग ओढली आणि आमच्या कपाटातल्या त्या रिकाम्या कप्प्यात एकेक वस्तू ठेवायला लागली. साड्या, स्वेटर, मिश्रीची डबी, शेळ्यांच्या गळ्यात बांधायची एक घंटा. बॅग तळापर्यंत रिकामी झालेली आम्ही कुणी कधी बघितली नव्हती. आक्का म्हणाली, “आई, ऱ्हाऊ दे की ते.” आई म्हणाली, “आता कुटं निघायचंय?”

ते बघून माझी बायको उठली आणि फळीवरचा तो लॅपटॉप उचलून मध्ये आणून ठेवला. एरवी ती दादासमोर मोठ्यानं बोलतही नाही. म्हणाली, “दादा, एकदा हे बघून घ्या, मग ठरवा. अहो, दाखवा ना.”

मी इतिहासाचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत दादाचं नाव. मी सरकवत राहिलो, नाव संपेना. गोळी दिली, दादा. पूर्ण दिली, दादा. रक्त तपासलं, दादा. मेथी नको म्हणलं तरी खाल्ली, दादा. करडू झालं, दादा. मग गोळी थांबवायच्या आदल्या दिवशीचं पान काढलं आणि ‘इथं परत जा’ हे बटण दाबलं. ‘गोळी बंद’ गेलं. अर्धी-पूर्ण वारांची जुनी रांग जशीच्या तशी परत आली. तपासणीनंतरचे नवे वार मी तिच्यात भरले. “काही हरवलेलं नाही,” मी म्हटलं. “लिहिलेलं सगळं आहे. फक्त लिहिणारं कोण, ते नाही. मोहोळहून आक्काचं नाव असतं तर हिनं त्याच दिवशी आक्काला फोन केला असता.”

दादा पडद्याकडे बघत होता. “हे समदं माज्या नावानं हाय,” तो म्हणाला. “आन मी आईला एकदा पण गोळी दिलेली न्हाय.”

वहिनी पदराचं टोक चाचपत खाली बघत होती. दादा म्हणाला, “माजं नाव काढ रं त्यातनं.” मी सांगितलं, झालेलं काढता येत नाही, ती व्यवस्थाच तशी आहे. पुढं ज्याचं त्यानं आपल्या नावानं लिहिलं तर मात्र पुढचं बदलेल. त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. मग आईकडं न बघताच म्हणाला, “एक म्हैना बघू. आये, भर बॅग.”

आईनं बॅग इतक्या चटकन भरली की आक्काला हसू आवरेना.

मी दादाचा पासवर्ड बदलला आणि तो त्याला सोडून कुणालाही सांगितला नाही. बाकीच्यांना निरोप पाठवला, ह्या वेळी फोन करून, एकेकाला: खातं तुम्ही स्वतः उघडा, नाव तुमचं तुम्ही टाका. गोळ्यांच्या पानाला मी एक वेसणही घातली. ‘बंद’ असं लिहिलं तर कधीपर्यंत ते लिहिल्याशिवाय पान जतन होत नाही, आणि त्या पानावर अक्षर बदललं की सगळ्यांचे फोन वाजतात. वहिनीचा संध्याकाळी फोन आला. “भावजी, नाव कोणचं टाकू?”

“तुमचं, वहिनी.”

“माजं कोणचं पण?”

मी ऑफिसातून नुकताच आलो होतो, डोकं उठलं होतं. म्हटलं, “वहिनी, वाटेल ते टाका, पण दादाचं नको.” ती हसली. “त्यांचं नाव तोंडानं कधी घेतलं न्हाय मी. आन रोज टाईप करत हुते बघा,” म्हणाली आणि फोन ठेवला.

आई करकंबला गेली त्या संध्याकाळी मी फोन समोर ठेवून बसलो. आठ वाजले. सव्वाआठ. बायको दोनदा आत येऊन गेली. दादाला फोन करावा तर पहिल्याच दिवशी अविश्वास दाखवल्यासारखं होणार. मग फोन थरथरला. मी उघडला. नोंदीपुढं एका बाईचं नाव होतं, आणि त्या नावाचं आमच्या घरात कुणीच नव्हतं. ना आक्काकडं, ना दाजींच्या नात्यात. पहिला विचार आला की कुणीतरी परकं माणूस आपल्या विकीत शिरलं. ती नोंद उलटवण्यासाठी माझं बोट बटणावर गेलंसुद्धा होतं, तेवढ्यात मजकुरावर नजर गेली. ‘गोळी दिली. अर्धी. जेवल्या. आल्या आल्या शेळ्यांत गेल्या.’

मी करकंबला फोन लावला. आईनंच उचलला. मागं शेळ्या ओरडत होत्या. मी विचारलं, आई, ह्या नावाचं कोण आहे तिथं? आणि ते नाव सांगितलं.

“आरं, थोरल्या सुनंचं म्हायेरचं नाव की ते,” आई म्हणाली. “लग्नात तांदळाच्या ताटात दुसरं लिवलं. पत्रिकेला जुळंना म्हणून. तू लई ल्हान हुतास. तवापासनं हितं कुणी हाकच न्हाय मारली त्या नावानं.” मग जरा थांबून म्हणाली, “का रं, चालत न्हाय व्हय ते?”

“चालतं,” मी म्हटलं. “चालतं की, आई. गोळी घेतलीस ना?”

“घेतली. मघाच दिली तिनं.”

फोन ठेवल्यावर मी ती नोंद पुन्हा उघडली. ‘काय बदललं?’च्या चौकटीत इतके महिने दादाच्या नावाखाली ‘काही नाही’ असायचं. आज तिथं वहिनीनं लिहिलं होतं, ‘नाव. लिहिणारी तीच हाय.’ मी बायकोला हाक मारून ते दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि ताटं घ्यायला आत गेली.